आरशातली कूस

मासा बरा झाला, तर ग्लेनला बायको मिळणार होती. पापडी गावात मत्स्यालयांचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सौदा स्वस्तच होता. मासा बेटी आंटीचा, आठ वर्षांचा, सोनेरी. आणि रोवेना तिची एकुलती एक मुलगी.

"ज्याला मासा जपता येत नाही, तो माझी पोरगी काय जपणार?" असं आंटी चारचौघांत बोलून बसली होती.

माशाच्या डाव्या कुशीवर लाल खड्डा पडला होता, कडेला पांढरी रेघ. खाज सुटली की तो काचेला कूस घासायचा. ग्लेनने त्याला वेगळ्या टाकीत, मिठाच्या पाण्यात ठेवलं. रोज ओल्या फडक्यावर घेऊन जखमेला औषध लावलं. एरवी मासा न हाताळता पलीकडची बाजू दिसावी म्हणून नेहमीप्रमाणे टाकीमागे आरसा उभा केला.

नवव्या दिवशी जखम भरली. आरशातल्या माशाची भरली नाही.

ग्लेनने आरसा पुसला. मग स्वतःशीच हसत त्याने आरशालाच औषध फासलं. दुसऱ्या दिवशी तोही मासा नितळ झाला, आणि दुपारच्या उन्हात दोघे संथ फिरत राहिले.

"जिंकलास रे, जावई!" म्हणत आंटी मासा घेऊन गेली. रोवेना मागे थांबली.

"मम्मी पटली. आता हात सोडशील की नाही?"

तिचे दोन्ही हात ग्लेनच्या हातांत होते. गाल स्वच्छ होता.

टाकीतल्या नुसत्या पाण्यापलीकडे, आरशातली रोवेना डोळे मिटून काचेला गाल घासत होती.

मासा आंटीला मिळाला, होकार ग्लेनला. किंमत त्या गालावर होती: लाल खड्डा, कडेला पांढरी रेघ.