कापडाला कळतं

हेमांगीने तिसऱ्यांदा पॅराशूटची घडी घातली आणि कापड तिसऱ्यांदा लाल झालं. या नव्या कापडाला हातांतली धास्ती कळायची. शांत हाताने घातलेली घडी आभाळात अलगद उघडायची. धास्तावलेल्या हाताची घडी असा हिसका द्यायची, की हाडं खिळखिळी व्हायची. आज याच पॅराशूटखाली, प्रशिक्षकाच्या छातीला बांधलेली, तिची लेक ईरा उतरणार होती आणि धावपट्टीवर विमान घरघरायला लागलं होतं.

शेवटी ती बाजूच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या कालिंदीकडे वळली. दोघींचा वर्षभर अबोला होता.

"तूच घाल. तुला माझ्या पोरीचं काही सोयरसुतक नाही."

"काडीचंही नाही," म्हणत कालिंदीने कापड ओढून घेतलं.

पहिल्याच घडीला ते लालभडक झालं.

"खोटारडं मेलं!" हेमांगीकडे न बघता कालिंदी कापडावर खेकसली.