केशवरावांचे एंटर

पाच वाजेपर्यंत राजीनामा दे, नाहीतर आम्हीच काढून टाकू, असं काजलला सांगून सचिव कृष्णकांत साहेब आपल्या केबिनमध्ये गेले, तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

संस्थेच्या अध्यक्षांच्या भाच्याचे मार्क वाढवले, असा निनावी अर्ज विद्यापीठात गेला होता. त्या अर्जाची फाइल सापडली ती रामदासपेठेतल्या या कॉलेजच्या ऑफिसात, सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवर. आणि त्यावर दिवसभर बसतं कोण, तर काजल. कंत्राटी, कन्हानहून येणारी, वशिला नसलेली. झालं, चोर सापडला. अर्ज तिनं लिहिलाच नव्हता. मजकूर मात्र अक्षरन् अक्षर खरा होता, हे ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं?

घरी आई आणि धाकटी बहीण तिच्याच पगारावर होत्या. तिनं ती साधी टेक्स्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडली. वर्डमध्ये ओळ कडेला पोचली की आपली आपण खाली वळते, कोणी कसं टाइप केलं ते कळत नाही. नोटपॅडमध्ये वर्ड रॅप बंद करता येतं. मग अख्खा परिच्छेद एकाच ओळीत उजवीकडे स्क्रीनच्या बाहेर निघून जातो. काजलचा जातो, सगळ्यांचाच जातो. तिनं रॅप बंद केलं.

एकही ओळ बाहेर गेली नाही. सगळ्या सारख्याच लांबीवर थांबलेल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी कोणीतरी एंटर मारला होता.

असा एंटर मारणारा माणूस ऑफिसात एकच. हेडक्लार्क केशवराव टाइपरायटरवर शिकलेले. ओळ संपत आली की त्यांचं बोट आपोआप एंटरवर जायचं. दोन वर्षं काजल त्यांना चिडवायची आणि त्यांच्या पत्रांतले एंटर काढून द्यायची. तिला इथं लावलं त्यांनीच, मसुदा लिहायला शिकवलं त्यांनीच. येत्या सोमवारी ते रिटायर होणार होते.

साहेबांना बोलवायचं, स्क्रीन दाखवायची, की सुटली. ती उठून दारापर्यंत गेलीसुद्धा. भीतीनं डोळ्यांत पाणी आलं होतं. पण म्हाताऱ्याची तेहतीस वर्षं मातीत घालायची? आपल्याला काय, हिंगण्यातल्या एखाद्या कंपनीत कोणी ना कोणी ठेवेल. ती परत येऊन बसली. एकेका ओळीच्या शेवटी जाऊन एंटर काढत गेली. फाइल सेव्ह केली, बंद केली आणि राजीनाम्यासाठी कागद पुढं ओढला.

सही करणार एवढ्यात दार उघडलं. कृष्णकांत साहेब आले, मागून केशवराव. साहेब पार वैतागले होते. अर्ज मीच लिहिला, म्हणून म्हातारा अर्धा तास त्यांच्यासमोर हटून बसला होता. पोरीला वाचवायला खोटं बोलून राहिले तुम्ही, पुरावा दाखवा, असं साहेबांचं म्हणणं होतं.

केशवरावांनी काजलच्या डोक्यावर हात ठेवला. "भिऊ नको वं पोरी," ते म्हणाले आणि साहेबांकडे वळले. "फाइल नोटपॅडमध्ये उघडा अन् रॅप बंद करा. माझ्याशिवाय कोणी ओळीओळीले एंटर मारत नाही, साऱ्या ऑफिसले माहीत आहे. तेवढं दिसलं का पोरीले सोडून द्या."

साहेबांनी खुर्ची ओढली, फाइल उघडली, रॅप बंद असल्याची खात्री केली. अर्जाची पहिली ओळ सुरू झाली आणि सरळ उजवीकडे, स्क्रीनच्या बाहेर निघून गेली.