काटलेली पदं

नव्या आवाजात दाणी बाईंनी पहिली हाक नवऱ्याला मारली, तर बाहेरच्या खोलीतून अनंतरावांनी विचारलं, "कोण आलंय?" तेव्हापासून बाई पुन्हा पाटीवरच लिहून बोलायला लागल्या.

आठवड्याने नसीम घरी आली. मिरजेत गळ्यातली स्वरयंत्रं बसवणारी ही पोर बाईंचीच गणिताची विद्यार्थिनी. ऑपरेशनमध्ये बाईंचा आवाज गेला, तेव्हा त्यांच्या तासांच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून तिनेच तो लहरींमध्ये फोडला, त्या लहरींची बेरीज, म्हणजे फूरिए श्रेणी, मांडली आणि यंत्रात भरली.

"सगळं बरोबर आहे, बाई," लॅपटॉपवरची भलीमोठी बेरीज दाखवत ती म्हणाली. "साइन एन पायची पदं तेवढी उडवली. तुम्हीच शिकवलंत ना, दिसलं की शून्य म्हणून काट मारायची!"

बाईंनी पाटी ओढली आणि खडू मोडेल इतक्या जोराने लिहिलं, 'एन पूर्णांक असेल तरच!'

नसीमने जीभ चावली. तिचे वडील तंबोरे बनवायचे. तारेखाली दोरा सरकवून, स्वच्छ सुरात थोडी झणझण मिसळून ते आवाजात जीव आणायचे, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. माणसाच्या गळ्यात तरी कुठून सगळे पूर्णांक असणार? काटलेली पदं तिने एकेक करून बेरजेत परत घेतली.

"आता बोला, बाई."

"नसीम," आवाज थोडा चिरका, थोडा थरथरता आला, "अर्धा मार्क कापलाय तुझा."

बाहेरच्या खोलीतून अनंतराव ओरडले, "वसू, पोरीला रागावू नकोस गं!"