कळ सोडायची नाही

“हरवलास की कळ दाबायची. मी येईपर्यंत सोडायची नाही.”

बाबांचं हे बोलणं याक्षाला रेडिओखोलीत बसलं की हमखास आठवे. लहानपणी धुक्यात त्याची होडी बाबांच्या नावेपासून तुटली होती. अशा वेळी होडीवरच्या रेडिओच्या माइकची कळ दाबून धरायची. दुसऱ्या नावेवरचा माणूस तारेचं गोल कडं फिरवत त्या लहरीचा रोख धरून येतो. त्या किनाऱ्यावरचे सगळेच कोळी धुक्यात एकमेकांना असे शोधत. पण याक्षाची बोटं गारठली, कळ सुटली, आणि होडी खडकावर फुटता फुटता वाचली. बाबा रागावले नाहीत. ओल्या पोराला छातीशी धरून एवढंच म्हणाले, “पुन्हा सोडणार नाही म्हण. दर्यावर्द्यांच्या संत निकोलाला स्मरून म्हण.”

त्याने म्हटलं होतं.

आता तो लढाऊ जहाजावर रेडिओ सांभाळत होता, आणि जहाज त्याच्याच शहरावर तोफा डागत होतं. सक्तीच्या भरतीत आला तेव्हा देश एक होता. मग देश फुटला आणि जहाजावरून उतरायची वाटच बंद झाली.

पाऊस दाट होता. जहाजाच्या रडारला बंदर स्पष्ट दिसत होतं. बेटांच्या आडोशाला दडलेलं जहाज मात्र किनाऱ्यावरच्या तोफेला दिसत नव्हतं. त्या तोफेजवळून एक म्हातारा सकाळपासून रेडिओच्या खुल्या लहरीवर टोमणे मारत होता. खलाशी त्याला बार्बा म्हणत. तिकडे म्हाताऱ्या दर्यावर्द्याला असंच म्हणतात.

“काय रे डब्यातल्या सार्डिन माशांनो, जेवलात का?” बार्बाचा आवाज खरखरला. “आमच्याकडे आज कोबी आणि सुकं मटण. तोफा पाण्यात टाका नि पोहत या. ताटं मांडून ठेवतो.”

तोफेला गोळे पोचवणारा स्लावको दारात टेकून खो खो हसला. “याक्षा, विचार त्याला, वाइन लाल की पांढरी?”

कप्तान दुर्कोविच मागे येऊन उभा राहिला. “विचार. बोलता ठेव त्याला. आपला दिशाशोधक त्याचा रोख धरतोय.”

याक्षाने घसा आवळून आवाज जाड केला आणि कळ दाबली. “बार्बा, वाइन कुठली?”

“हा काय आवाज काढतोस?” स्लावको म्हणाला. “सर्दी झाली का रे गाढवा?”

“बोलत राहा,” कप्तान म्हणाला.

याक्षा बोलत राहिला. वाइनबद्दल, पावसाबद्दल, तोंडाला येईल ते. मधे कळ सोडली की बार्बा खुशीत उत्तर देई, आणि हा पुन्हा कळ दाबून बोलू लागे.

किनाऱ्यावरून आलेला पहिला गोळा पाण्यात पडला. दुसरा डेकवर फुटला. रेडिओखोलीची भिंत कागदासारखी फाटली आणि लोखंडाचा एक तुकडा स्लावकोच्या मानेतून आरपार गेला. तो काही बोलायला गेला, तर तोंडातून रक्ताचाच लोट आला. याक्षाने दोन्ही हातांनी जखम दाबून धरली. बोटांमधून ऊन ऊन रक्त वाहत राहिलं, आणि मग थांबलं.

याक्षाने रक्ताळलेल्या हाताने माइक ओढला.

“मेला! ऐकलंस, बार्बा? पोरगा होता रे, हसत होता आत्ता!”

तो ओरडला तो त्याच्या स्वतःच्या आवाजात.

पलीकडे नुसती खरखर. मग अगदी हळू, “कुणाचा रे तू?”

कप्तानाने माइक हिसकावला आणि याक्षाच्या थोबाडीत मारली. “बडबडलास म्हणून सापडलो आपण! ते मच्छीमारही रोख धरतात, हे कुणी सांगितलं नाही मला. यापुढे दोन शब्द, आणि कळ सोडायची. समजलं?”

“समजलं.”

त्यानंतर किनाऱ्यावरची तोफ गप्प झाली. कितीतरी वेळ एकही गोळा आला नाही. वर डेकवर हशा झाला. “म्हाताऱ्याचे गोळे संपले वाटतं!”

मग बार्बा पुन्हा बोलला. टोमणा नव्हता.

“अहो जहाजवाले. बंदरातून फेरी सुटतेय. बायकापोरं आहेत हो तिच्यात, दुसरं काही नाही. माझी बायको काताही आहे. तिला जाऊ द्या.”

कप्तानाने ओठ मुरडले. “बायकापोरांच्या खाली पेटाऱ्यांत काय असतं, ठाऊक आहे मला. तोफ फेरीवर रोखा.”

“कप्तानसाहेब,” याक्षा म्हणाला, “म्हातारा खरं बोलतोय.”

“तुला काय माहीत?”

कप्तान उत्तराला न थांबता वर निघून गेला.

जहाजाची तोफ गरजली. भिंतीच्या भगदाडातून याक्षाला पावसात फेरीची पांढरी आकृती दिसली, आणि तिच्या पुढ्यात उसळलेला पाण्याचा खांब. दुसरा गोळा फेरीच्या मागच्या टोकावर बसला. ज्वाळा उठल्या. माणसं कठड्यावरून पाण्यात उड्या टाकू लागली. एक बाई पेटलेल्या कोटासकट पडली. वर तोफेत तिसरा गोळा सरकवल्याचा आवाज आला.

याक्षाने स्लावकोचे डोळे मिटले. दाराला आतून अडसर घातला. हात विजारीला पुसून कोरडे केले, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि खुर्चीत नीट बसला. मग माइक ओठांशी घेऊन त्याने कळ दाबली.

“बाबा,” तो स्वतःच्या आवाजात म्हणाला, “आई फेरीत आहे, आणि मी हरवलोय. माझा रोख धरून या.”

बाहेर कुणीतरी दारावर बंदुकीचा दस्ता आपटू लागलं. याक्षा मनातल्या मनात प्रार्थना म्हणत राहिला, आणि कळ त्याने सोडली नाही.