तीन दगडांची चूल

मुलांनो, डोंगरमाथ्यावरचा एक मोकळा सडा, म्हणजे खडकाळ पठार, डोळ्यांसमोर आणा. तिथे धूर दिसला, की यंत्रपाखरं झेपावतात आणि पाणी ओतून जातात. बारा वर्षांत वणवा नाही, गुरांनाही बंदी. त्यामुळे फुलं गुदमरली आणि वाळलेलं गवत खालच्या धनगरवाड्यातल्या सगुणाच्या खांद्याला लागलं. आता ते पेटलं, तर पाखरांनाही आवरणार नव्हतं. सगळा वाडा जळून गेला असता.

म्हणून आग वाड्याच्या अलीकडेच थांबावी यासाठी तिचा आजा कोंडिबा सकाळच्या दवात वाड्यामागच्या गवताचा पट्टा जाळू पाहत होता. पाखरांनी तो तिसऱ्यांदा विझवला.

“आज्या, आंघोळ तरी झाली तुझी.”

“हस, हस. उद्या वारं सुटलं, की पट्टा बी जाळता यायचा न्हाई,” म्हणत भिजलेल्या कोंडिबाने चहासाठी तीन दगड मांडून चूल पेटवली.

एक पाखरू आलं, त्याने घिरट्या घालून चुलीवरचं पातेलं न्याहाळलं आणि पाणी न ओतता ते तसंच परतलं.

सगुणा बघतच राहिली. मग तिने चहा आजाच्या लोट्यात ओतला, रिकामं पातेलं काखोटीला मारलं आणि म्हणाली, “पट्टा चुलीतूनच पेटवू. आग आवरायला हिरव्या डहाळ्या घेऊन माझ्यामागं ये.” गवताच्या कडेला बसून ती दगड मांडू लागली.