जुनं गिऱ्हाईक

शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात सुनंदाचा फोन आला.

"अहो, परत एकच तारा."

सूर्याजी एका हाताने शटर धरून तसाच उभा राहिला. "तोच का?"

"तोच. 'जुनं गिऱ्हाईक'. लिहिलंय, पगडीचं टोक उजवीकडे कलतं, पीळ सैल आहे, वरातीत घोडी जरा बिचकली की पगडी नवरदेवाच्या हातात येईल."

गेल्या महिन्यापर्यंत नई सडकेवरच्या या दुकानाला ऑनलाइन नकाशावर पावणेपाच तारे होते. आता साडेतीन. फोनवर पगडी शोधणाऱ्याला आधी सात दुकानं दिसत, मग कुठे सूर्याजी. दिवाळीपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर दुकान सोडायचं आणि इंदूरला मेव्हण्याच्या शोरूममध्ये साड्यांच्या घड्या घालायच्या, असं ठरलं होतं. मेव्हण्याच्या हाताखाली!

दुकानं आधी दोन होती. वडिलांचं, रघुनाथरावांचं, दौलतगंजात पगड्यांचं. सूर्याजीचं इथे, भाड्याच्या साफ्या-फेट्यांचं. अक्षय्य तृतीयेला सूर्याजीने दोन्ही एक केली. माल इकडे आणला, नकाशावरच्या दोन नोंदींची एक करून टाकली. वडिलांना विचारायचं तेवढं राहिलं. तेव्हापासून, पाच महिने झाले, बापलेकांत अबोला. घर एक, पंगत एक, पण मीठ हवं असलं तरी "त्याला सांग" आणि "त्यांना सांग". मध्ये बिचारी सुनंदा.

दुकानाचं ऑनलाइन सगळं तीच बघायची. रोज एक पगडी घरी नेऊन गच्चीवर फोटो काढायची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली केशरी रंगसुद्धा वरणासारखा दिसतो, असं तिचं म्हणणं.

"कंपनीला तक्रार कर ना," सूर्याजी म्हणाला.

"केली की. गिऱ्हाईकाचं मत आहे म्हणतात, काढता येत नाही."

सूर्याजी तडक समोर गेला. जगदेवराव रेडिमेड साफे विकत. ते नुकतेच गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होते.

"जगदेवराव, धंदा करायचा तर सरळ करा."

"अरे भैया, हुआ क्या?"

सूर्याजीने फोन पुढे केला. जगदेवरावांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि ते हसले. "माझ्या स्वतःच्या दुकानाला दोन तारे आहेत, वो कोई नहीं देखता. आणि पीळ कुठे सैल पडतो हे मला कळलं असतं, तर मी रेडिमेड विकत बसलो असतो का?"

हे पटण्यासारखं होतं. सूर्याजी परत आला आणि त्याने कपाटातली नवी पगडी काढून पाहिली. टोक खरंच कलत होतं. चडफडत त्याने ती अख्खी सोडली. पीळ पुन्हा घातला, टोक पुन्हा बसवलं. सुनंदाने फोटो टाकून खाली लिहिलं, 'चूक सुधारली.'

दुसऱ्या दिवशी दोन तारे आले. 'टोक सरळ झालं. अस्तर मात्र चोरट्या हाताने शिवलंय. आत दोन टाके सुटलेत.'

सूर्याजीने पगडी उलटी केली. आत दोन टाके सुटलेले होते.

आता मात्र त्याचं डोकं चालेना. ती पगडी विकलीच गेली नव्हती. सकाळपासून काचेच्या कपाटात होती. "फोटो बघून लिहितो की काय?" त्याने सुनंदाला विचारलं.

"असेल," ती म्हणाली.

"फोटोत अस्तर कुठे दिसतं?"

"मला काय ठाऊक?" म्हणत ती फडकं घेऊन काच पुसायला लागली.

त्याने जुनी गिऱ्हाइकं आठवून पाहिली. त्यांतली निम्मी वारली होती, उरलेल्यांना फोन धड उचलता येत नव्हता. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाकडे तो संशयाने बघू लागला. एकाला तर तोंडावर विचारलं, "आप ही हो ना?" तो घाबरून रुमालसुद्धा न घेता गेला.

पण हात मात्र सुधारत गेला. रागाने का होईना, सूर्याजी प्रत्येक टाका दोनदा तपासायला लागला. 'जुनं गिऱ्हाईक'चे तारे तीन झाले.

मग एक दिवस पडाव भागातून उषाताई नावाच्या बाई आल्या. मुलाचं लग्न, चाळीस पगड्या.

"बाकीच्या दुकानांवर नुसतं 'नाइस', 'बेस्ट'," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कोणीतरी खरं लिहिलंय, आणि तुम्ही दर वेळी सुधारलंय. म्हणून आले."

त्या गेल्यावर सूर्याजी स्टुलावर मटकन बसला. इंदूर टळलं होतं. त्याला आनंद झाला, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच वडिलांना काहीतरी सांगावंसं वाटलं. पण जीभ रेटेना.

"त्यांना सांग," तो सुनंदाला म्हणाला, "चाळीसची ऑर्डर आली."

संध्याकाळी सुनंदा रोजच्यासारखी एक पगडी घेऊन घरी गेली. गच्चीवर फोटो काढले, खाली येऊन चहा केला, रघुनाथरावांना ऑर्डरचं सांगितलं. त्यांनी नुसता हात पुढे केला. तिने पगडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अस्तरात बोटं घातली, पीळ चाचपला, टोक नखाने दाबून पाहिलं. चहा निवला.

सुनंदाने फोन उघडला. "आज किती तारे देऊ, मामंजी?"

"चार," रघुनाथराव म्हणाले. "पाच दिलेस तर शेफारेल."