बाईसाहेबांची वेळ

साडेचारला कुत्री, साडेपाचला गणित, सातला पोहणं. लेकीचा आठवडा मी कसाबसा बसवला होता. परीक्षेच्या नावानेच तिचे हात थरथरायला लागल्यापासून समुपदेशकांनी सुचवलेली, मुलांना शांत करायला शिकवलेली ही कुत्री तेवढी चुकवायची नव्हती, कारण तिच्या पाठीवरून हात फिरवला की पोर पाच मिनिटांत निवायची. मी मात्र दाराशी बसून एक डोळा लेकीच्या बोटांवर आणि एक घड्याळावर ठेवायचे.

आज कुत्रीला सांभाळणाऱ्या ताईने वीस मिनिटांतच पट्टा हातात घेतला.

"आज एवढंच. बाईसाहेब दमल्यात."

"अहो, अजून पंचवीस मिनिटं आहेत आमची! आणि दमली कुठे? नुसती पडून तर आहे."

"सारख्या जांभया देतेय, ओठ चाटतेय. ही झोप नाही, ताण आहे. सकाळपासून तीन मुलं येऊन गेली तिच्याकडे."

"एवढ्यातेवढ्यावरून थांबवायचं म्हणजे..."

"तिला बोलता येत नाही ना हो, म्हणून मलाच बघावं लागतं."

आता वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी गणिताची बॅग उचलली.

"चल गं. लवकर सुटलो तर लवकर पोचू."

"आई, आज नको ना."

"तुझं रोजचंच आहे हे. ऊठ."

लेक उठली नाही. कुत्रीच्या मानेत तोंड खुपसूनच तिने विचारलं,



"ताई, ज्यांना बोलता येतं त्यांचं कोण बघतं?"